स्वागत आहे, डावीकडे वळा

प्रबुद्ध सोनावळे यांच्या कॉटेजविषयी इंटरनेटवर पहिला अभिप्राय लिहिला तो कॉटेजपर्यंत कधी न पोहोचलेल्या माणसाने. "जागा सापडलीच नाही. सगळं कडाव पालथं घातलं. म्हशी मात्र छान होत्या. एक तारा."

सोनावळ्यांच्या मुलीने, नम्रताने, पुण्याहून फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "एक तारा कशाचा दिलाय? म्हशींचा?"

"बाबा, एकापेक्षा कमी देताच येत नाही."

हे त्यांना जास्त लागलं. भिवपुरीच्या वीजकेंद्रात सगळी नोकरी बिनडाग काढलेला माणूस. निवृत्तीनंतर जे हाती आलं ते जवळजवळ सगळं कडावच्या पुढे, तलावाच्या काठी दोन कॉटेज बांधण्यात घातलं होतं. पडदे त्यांच्या बायकोने, पौर्णिमाबाईंनी, स्वतः शिवले, गाद्या स्वतः उन्हात घातल्या, 'मैत्री' हे नावही त्यांनीच ठेवलं. आल्यागेल्याला करून वाढायची त्यांना आयुष्यभराची हौस. पण वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत ती भागली नव्हती. आता जागा होती, चूल होती, तलावावर सकाळी धुकं होतं. फक्त पाहुणे नव्हते. म्हणजे पाहुणे निघत होते, ठरलेल्या दिवशी निघत होते, पण पोहोचत नव्हते.

दोष रस्त्याचा होता. डांबरी रस्ता सोडून तलावाकडे जाणारी मातीची वाट एका जांभळीमागून डावीकडे फुटते, आणि ती कुणाला दिसत नाही. मोबाईलमधला नकाशा तर ती वाट मानतच नव्हता. तो माणसाला सरळ पुढे नेऊन गौराबाईंच्या गोठ्यात सोडत असे आणि तिथे गेल्यावर अगदी समाधानाने सांगत असे, "तुम्ही आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

त्यामुळे दुसऱ्याच दिवशी सकाळी गौराबाई दारात उभ्या. सत्तरीच्या आसपासच्या, काटक, त्या भागातल्या जुन्या भातशेतीवाल्या. आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या काठावरचे बगळे उडावेत.

"सायबा, तुजं पावनं माज्या गोठ्यात येत्यात रं! काल येक बाई म्हशीच्या गळ्यात हात घालून फोटू काढीत व्हती. म्हस बिचकली. सांजच्याला पान्हा चोरला तिनं. आता दूद डेरीला तू घालतोस का मी घालू?"

"गौराबाई, मी तरी काय करू? नकाशात चूक आहे."

"नकाशा कुटं हाय त्यो? दाव मला."

सोनावळ्यांनी मोबाईल दाखवला. गौराबाईंनी त्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "येवढ्याश्या खोक्यात कुटं मावायचं रं गाव? त्यापेक्षा फाट्यावर येक पाटी लाव ना!"

अशी ती कल्पना गौराबाईंची. पुढे सगळं घडून गेल्यावर त्यांनी हे साफ नाकारलं, पण पौर्णिमाबाई साक्षीला होत्या.

पाटी लावायची म्हणजे सोनावळ्यांच्या हातचा मळ. वीजकेंद्रात पाट्या लिहून घेण्याचं काम त्यांच्याकडेच असे. 'धोका', 'हात लावू नये', 'परवानगीशिवाय पुढे जाण्यास सक्त मनाई आहे'. त्यांच्या पाटीपुढे जायची हिंमत कुणी केली नव्हती, हा त्यांचा अभिमान होता. त्या दिवशी ते कागद-पेन घेऊन ओटीवर बसले आणि चहा होईपर्यंत मजकूर तयार झाला. पौर्णिमाबाईंनी वाचला.

"सावधान! पुढे मैत्री कॉटेज आहे."

"अहो, ते काय कुत्रं आहे का?"

दुसरा मजकूर सौम्य करून लिहिला. "मैत्री कॉटेज. आपले स्वागत आहे. तलावात उतरू नये. काठावर जाऊ नये. मोठ्याने बोलू नये. बगळ्यांना खडे मारू नयेत."

"मग माणसांनी यायचं कशाला?" पौर्णिमाबाई म्हणाल्या. "हे सगळं न करणं घरात बसूनही जमतंच की."

शेवटी पेन त्यांनीच घेतलं आणि लिहिलं, "या! मैत्री कॉटेज. डावीकडे वळा." सोनावळ्यांना त्या नुसत्या 'या'ची जरा लाजच वाटली. ओळख ना पाळख, एकदम 'या'? निदान 'यावे' तरी असावं. पण पौर्णिमाबाईंनी कागद पदराला बांधला तो पेंटरच्या हातात पडेपर्यंत सोडला नाही.

पेंटर हिरू. पंचक्रोशीतल्या टेंपोंच्या पाठी, शाळांच्या भिंती आणि निवडणुकीतले सगळे उमेदवार त्याच्या हाताखालून गेलेले. मजकूर वाचून त्याचा चेहरा पडला.

"साहेब, येवढंच? नुसती अक्षरं म्हंजे बिनमिठाची भाकर. येक बगळा टाकतो. मागं सूर्य. कोपऱ्यात कमळ."

"आमच्या तलावात कमळं नाहीत."

"पाटीवर आली की लोकांना दिसतील."

बगळा झाला. मान जरा जास्त लांब झाली, आणि ती बसवायची म्हणून पायही लांब करावे लागले. सोनावळ्यांना तो शहामृग वाटला. पौर्णिमाबाईंना आवडला. एकूण पाटी सुरेख होती, दारापेक्षा लहान, सागाच्या फळीची. ती त्याच दुपारी जांभळीला टांगली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सोनावळे नियमाचे माणूस. परवानगीवाचून त्यांनी आयुष्यात पंखासुद्धा लावला नव्हता.

ते ग्रामपंचायतीत गेले. सरपंच हर्षलाताई तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांनी पाटीचा फोटो कौतुकाने पाहिला. "छानच झालीये साहेब. आमची काही हरकत नाही. पण रस्ता आमचा नाही. तेवढं कर्जतला विचारून घ्या."

कर्जतला एका कचेरीत त्यांना दुसऱ्या कचेरीत पाठवलं. दुसरीत साहेब दौऱ्यावर होते. पुन्हा गेले तेव्हा साहेब होते, पण फाईल दौऱ्यावर होती. शेवटी खिडकीजवळ बसलेल्या एका क्लार्कने फोटो हातात घेतला आणि न्यायाधीशाच्या गांभीर्याने विचारलं, "ही जाहिरात आहे की दिशादर्शक?"

"स्वागत आहे," सोनावळे म्हणाले.

"स्वागत असा प्रकार आमच्याकडे नाही. जाहिरात असेल तर कर. दिशादर्शक असेल तर तो आम्हीच लावतो."

"मग तुम्ही लावा."

"आम्ही गावांचे लावतो. खाजगीचे नाही." क्लार्कने पुन्हा फोटो पाहिला. "हा 'या' काढलात तर विचार करता येईल. 'या' म्हटलं की बोलावणं आलं. बोलावणं म्हणजे जाहिरात."

सोनावळे ताठ झाले. ज्या शब्दाची त्यांना लाज वाटली होती त्याच शब्दासाठी आता ते भांडायला उभे राहिले. "घरी आलेल्या माणसाला आम्ही 'या' म्हणतो. तुम्ही काय म्हणता?"

"टोकन घ्या म्हणतो," क्लार्क म्हणाला. मग त्यालाच दया आली असावी. हळू आवाजात त्याने तोडगा सांगितला. रस्त्याच्या हद्दीत काही लावू नका, शेजारच्या खाजगी जमिनीत लावा. मग मालकाची संमती आणि पंचायतीचा दाखला पुरे.

फाट्यावरची खाजगी जमीन म्हणजे गौराबाईंचा बांध.

"लाव की," गौराबाई म्हणाल्या. "माजी कदी ना हाय? पर बांद माजा, तर नाव बी माजं पायजे. 'गावटी कोंबडी, गावटी अंडी, गौराबाई.' आनि बाण सरळ माज्या घराकडं."

"त्या दिवशी तर म्हणालात पाहुणे गोठ्यात नकोत!"

"फुकटचं नकोत रं. कोंबडी घ्यायला येऊ दे."

यात तर्काची चूक काढता येत नव्हती. फळीवर आता जागा नव्हती, म्हणून हिरूने पत्र्याची मोठी पाटी सुचवली. तिचा कच्चा आराखडा घेऊन सोनावळे दाखल्यासाठी पंचायतीत गेले, तेव्हा हर्षलाताई विचारात पडल्या. "एवढी मोठी होतेच आहे तर साहेब, वर गावाचं नाव घ्याच. लोक गावात आधी येणार, मग तुमच्याकडे. आणि नावाखाली 'हागणदारीमुक्त गाव' तेवढं टाका. पुढच्या महिन्यात तपासणी आहे."

"ताई, लोक सुटीला येतात. पहिलंच वाक्य ते..."

"अभिमानाचीच गोष्ट आहे ना?" त्यांनी शिक्का हातात धरून विचारलं. शिक्का हवेतच राहिला. सोनावळ्यांनी मान हलवली तेव्हा तो खाली आला.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. तरुण मंडळाचा अध्यक्ष कमलेश मोटारसायकलवरून आला. पाटी मोठी म्हणजे लोखंडी खांब आले, खड्डे आले, उभी करायला माणसं आली. ते सगळं मंडळ करेल, असं तो म्हणाला. "आम्हाला काही नको सर. फक्त कोपऱ्यात 'सौजन्य' आणि एक छोटा फोटो." छोटा फोटो आला तो काळा चष्मा घातलेला आणि कानाला मोबाईल लावलेला. मागून मंडळातल्या बाकीच्यांची नावं आली, कारण एकट्याचाच फोटो लागला असता तर मंडळ फुटलं असतं.

सोनावळे संध्याकाळी घरी येऊन नुसते बसून राहत. पौर्णिमाबाई विचारत, "आज काय वाढलं?" हा प्रश्न आता जेवणाचा राहिला नव्हता.

हिरू मात्र उजळून निघाला होता. इतका मोठा पत्रा त्याला जन्मात मिळाला नव्हता. त्याने नऊवारीतली नमस्कार करणारी बाई काढली, मागे डोंगर काढला, तोच लांब पायांचा बगळा पुन्हा उभा केला, तलावात शिडाची होडी सोडली. काम संपल्यावर त्याने सोनावळ्यांना बोलावलं आणि कपडा बाजूला केला. सोनावळे डावीकडून उजवीकडे वाचत गेले. गाव, हागणदारीमुक्त, कमलेश, मंडळ, कोंबडी, अंडी, आणि सरळ गौराबाईंच्या घराकडे जाणारा बाण.

"हिरू, मैत्री कुठाय?"

"हाय ना साहेब. बगळ्याच्या पायात बघा."

बगळ्याच्या लांब पायांमध्ये, चिमण्यांनी वाचावं अशा अक्षरांत, 'मैत्री कॉटेज, डावीकडे' असं लिहिलं होतं. 'या' नव्हता. त्याला जागा पुरली नव्हती.

तरीही सोनावळ्यांनी मनाची समजूत घातली. एवढी अवाढव्य पाटी पाहून माणूस गाडी तर थांबवेल, आणि थांबला की वाचेल. नम्रताने त्याच शनिवारचं एक बुकिंगही घेतलं होतं, ठाण्याचं कुटुंब, दोन मुलांसह. पौर्णिमाबाईंनी सकाळपासून वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्यांची तयारी चालवली होती.

अनावरणही शनिवारीच ठरलं. हार, नारळ, लाऊडस्पीकर. हर्षलाताईंनी थोडक्यात चांगलं भाषण केलं. कमलेशने थोडक्यात करतो असं सांगून केलं. गौराबाईंनी फीत कापायला कात्रीऐवजी विळा आणला होता, त्यामुळे फितीबरोबर पाटीवरचा कपडाही फाटला आणि अनावरण एकदमच झालं. टाळ्या वाजल्या. पहिला नमस्कार त्या नऊवारीतल्या बाईला हिरूनेच केला.

गर्दी पांगल्यावर सोनावळे घरी येऊन वाट पाहू लागले. ठाण्याची गाडी फाट्याजवळ आल्याचा नम्रताचा निरोपही येऊन गेला होता. बिरडं शिजलं, निवलं, पुन्हा गरम झालं. पाहुण्यांचा फोन लागेना. शेवटी ते पायात चपला अडकवून निघाले ते थेट गौराबाईंच्या अंगणात पोहोचले.

अंगणात बाजेवर ठाण्याचे गृहस्थ मांडी घालून बसले होते. पुढ्यात कोंबडीचा रस्सा. त्यांची बायको चुलीपाशी बसून गौराबाईंकडून वाटण शिकत होती. मुलं पेंढ्यात लोळत होती.

"या, या!" ते गृहस्थ सोनावळ्यांना म्हणाले. "तुम्हीपण पाहुणे का? फारच अस्सल जागा आहे हो. खोली कुठली घेतलीत तुम्ही?"

सोनावळे अंगणाच्या कडेलाच थांबले. आपला 'या' असा दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या तोंडून परत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "मी मैत्री कॉटेजचा मालक," ते म्हणाले. "तुमचं बुकिंग आमच्याकडे आहे."

गृहस्थ गोंधळले. बायकोने हातातलं वाटण खाली ठेवलं. मुलांनी मात्र रडायला सुरुवात केली, कारण गोठ्यात नुकतंच पारडू झालं होतं.

"घिऊन जा की तुजं पावनं," गौराबाई म्हणाल्या. "म्या काय दाव्याला बांदल्यात? पर जेवून जाऊ देत. भरल्या ताटावरनं उटवू नये मानसाला."

त्या रात्री पाहुणे झोपायला 'मैत्री'त आले, पण बिरडं खायला कुणाच्या पोटात जागा नव्हती.  पौर्णिमाबाईंनी भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि भांडी घासायला घेतली. त्यांच्या पाठीकडे बघताना सोनावळ्यांना वाटलं, नोकरीतल्या सगळ्या बदल्या, बढत्या, निरोपसमारंभ ठीक होते. पण या बाईने एक गोष्ट मागितली होती, माणसं येऊ देत म्हणून, आणि आपण माणसांच्या वाटेत पत्रा उभा केला.

पत्र्याचे दिवसही भरत आले होते. पाटी इतकी रुंद होती की वळणावर एसटीच्या ड्रायव्हरला समोरचं दिसेना. तो रोज तिथे गाडी थांबवून, खिडकीतून मान काढून, पाटीवरच्या बाईला दोन शब्द सुनवायचा. मग कुणीतरी तक्रार केली आणि कचेरीची माणसं गाडी घेऊन आली.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

कमलेश म्हणाला, मंडळाने फक्त सौजन्य दिलं. हर्षलाताई म्हणाल्या, पंचायतीने फक्त दाखला दिला. गौराबाई म्हणाल्या, "माजा तर निस्ता बांद हाय." हिरूने नमस्कार करणाऱ्या बाईकडे पाहिलं आणि डोळे पुसले. राहता राहिले सोनावळे. अर्ज त्यांचा होता. बिनडाग नोकरी केलेल्या माणसाच्या नावावर रस्त्याला अडथळा केल्याची नोंद झाली.

पाटी उतरली. पत्रा गौराबाईंनी मागून घेतला आणि पेंढ्यावर झाकला. हागणदारीमुक्त भाग म्हशींकडे आला.

नम्रताचा फोन आला. "बाबा, या शनिवारी एक बुकिंग आहे, आजी-आजोबा आणि नात. रद्द करू का? खरं सांग. वाटलं तर सगळंच बंद करू. घर म्हणून ठेवू."

सोनावळ्यांनी पौर्णिमाबाईंकडे पाहिलं. त्या वाल निवडत बसल्या होत्या. बुकिंग असो-नसो, वाल भिजत घालायचं त्यांनी थांबवलं नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "येऊ देत त्यांना."

शनिवारी चहा घेऊन ते उठले, डोक्याला टोपी घातली आणि कुठे चाललो हे न सांगता फाट्यावर जाऊन जांभळीखाली उभे राहिले. आधी फार अवघड वाटलं. ओळखीचे लोक जाता-येता विचारत होते, "काय साहेब, एसटीची वाट बघताय?" ते 'हो' म्हणत. मग एसटी आली, थांबली, ड्रायव्हरने विचारलं, "चला की!" तेव्हा 'नाही' म्हणावं लागलं. एका टेंपोवाल्याने पनवेलचा रस्ता विचारला. त्यांनी सांगितला. एक मोटारसायकल चुकून गोठ्याकडे निघाली होती, ती त्यांनी परत फिरवली. कुणी काही विचारलं की कुठे जायचं ते आपल्याला सांगता येतं, याचं हळूहळू त्यांना बरं वाटू लागलं.

दुपार कलायला आली तशी एक पांढरी गाडी दबकत दबकत आली. काचेतून एक म्हातारी बाई बाहेर डोकावून प्रत्येक झाड वाचत होती. सोनावळे रस्त्यावर पुढे झाले. हात वर गेला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "या! या! मैत्री कॉटेज ना? इकडे, इकडे, डावीकडे."

वाट खाचखळग्यांची. गाडीला कुठून काढायचं हे कळावं म्हणून ते पुढे चालू लागले. इथे खड्डा, इथे दगड, असं हाताने दाखवत. मागे गाडी, तिच्या मागे घरी परतणाऱ्या गौराबाईंच्या म्हशी, आणि शेवटी गौराबाई ओरडत, "सायबा, बिगीबिगी चाल रं, माज्या म्हशी खोळंबल्या!" अशी ती वरात तलावाच्या काठाने दारात आली.

नातीने उतरल्या उतरल्या तलावाकडे धाव घेतली. सोनावळ्यांच्या ओठावर 'जाऊ नये' आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि तिच्यामागे काठापर्यंत गेले. पौर्णिमाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. आजोबांनी त्यांना नमस्कार केला आणि सोनावळ्यांच्या पाठीकडे बोट दाखवून हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, तुमचा हा माणूस फार चांगला आहे हो. एवढ्या उन्हात उभा होता. असा माणूस आजकाल मिळत नाही. पगार वाढवा त्याचा."

पौर्णिमाबाईंनी काठावर पाहिलं. टोपी मागे सरकवून त्यांचा माणूस त्या पोरीला बगळा दाखवत होता, हाताने मान किती लांब ते सांगत होता.

"वाढवला असता हो," त्या म्हणाल्या. "पण लग्न झाल्यापासून त्याने अजून मागितलाच नाही. चला, हातपाय धुऊन घ्या. पानं वाढते."